परक्या उपकरणाच्या हाती मेमरी: कर्नल स्वतःला कसा सांभाळतो

लॅपटॉपच्या कडेला एखाद्या यूएसबी-सी पोर्टशेजारी विजेची छोटी खूण असेल, तर ते पोर्ट थंडरबोल्टचं आहे. तिथे चार्जर लागतो, मॉनिटर लागतो, पेन ड्राइव्ह लागतो. आणि त्याच पोर्टमधून पीसीआय एक्स्प्रेसही बाहेर येतं. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई एसएसडी ज्या वाटेने प्रोसेसर आणि मेमरीशी जोडलेली असते, तीच ही वाट. फक्त केबलमधून आलेली. बाहेरची वेगवान डिस्क किंवा डॉकमधलं नेटवर्क कार्ड आतल्या भागांच्या वेगाने चालतं ते यामुळे. मात्र वेगाबरोबर आतल्या भागांचा अधिकारही त्या उपकरणाला मिळतो. तो अधिकार किती मोठा आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि मेमरी हाताळणारा तिचा गाभा, त्याला कसा आवर घालतो, ते या लेखात पाहू.

पीसीआय एक्स्प्रेसवर बसलेलं उपकरण प्रोसेसरला मध्ये न घेता मुख्य मेमरीतून वाचू शकतं आणि तिच्यात लिहू शकतं. याला डायरेक्ट मेमरी ॲक्सेस म्हणतात; बोलताना सगळे डीएमएच म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९८१च्या आयबीएम पीसीमध्येही यासाठी इंटेलची ८२३७ ही वेगळी चिप होती. आज डीएमएशिवाय पानही हलणार नाही. १० गिगाबिटच्या नेटवर्कवर पूर्ण आकाराची पॅकेट्स येत असतील, तर सेकंदाला सुमारे आठ लाख पॅकेट्स येतात. त्यातला एकेक बाइट कार्डातून उचलून मेमरीत ठेवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात टाकलं, तर त्याला दुसरं काही करायला सवडच उरणार नाही. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड, कार्डाला आधीच सांगून ठेवतो: मेमरीत अमुक पत्त्यावर जागा मोकळी आहे, पॅकेट आलं की तिथे टाक आणि मग मला कळव.

कार्ड त्याच पत्त्यावर लिहील, हे मात्र कार्डाच्या भरवशावर. दोन प्रोग्रॅम एकमेकांची मेमरी पाहू शकत नाहीत, कारण प्रोसेसरमधलं एमएमयू प्रत्येक पत्ता तपासतं. डीएमएची विनंती या एमएमयूमधून जातच नाही. कार्डाने वेगळाच पत्ता मागितला, तर त्याला तिथलंही मिळतं. डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली चालू मशीनच्या मेमरीतच असते, कारण तिच्याशिवाय डिस्क वाचता येत नाही. ब्राउझरची सेशन, टाइप केलेला मजकूर, खुद्द कर्नलचा कोड, सगळं तिथेच. लॉक स्क्रीन म्हणजे शेवटी मेमरीतला एक प्रोग्रॅम. पासवर्ड बरोबर आहे का हे तपासणाऱ्या कोडमधले चार-दोन बाइट बदलले की कुठलाही पासवर्ड चालतो. अँटिव्हायरसला यातलं काही दिसत नाही, कारण प्रोसेसरवर काही घडलेलंच नसतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. साधा पेन ड्राइव्ह किंवा माउस असं करू शकत नाही. यूएसबीमध्ये डीएमए करतो तो लॅपटॉपच्या आतला होस्ट कंट्रोलर. बाहेरचं उपकरण फक्त त्याने विचारलेल्याला उत्तर देतं. पेन ड्राइव्हने कीबोर्ड असल्याची बतावणी करून कमांड टाइप करण्याचा बॅडयूएसबी हल्ला २०१४मध्ये गाजला, तो धोका वेगळा आणि त्याचे उपायही वेगळे. आपला विषय आहे थंडरबोल्ट, यूएसबी४मधून जाणारं पीसीआय एक्स्प्रेस आणि त्याच जातीचे इतर मार्ग. एसडी एक्स्प्रेस कार्डंही त्यातच मोडतात. कॅमेऱ्यात घालायच्या त्या छोट्या कार्डावर २०१८पासूनच्या प्रमाणकानुसार पीसीआय एक्स्प्रेस चालू शकतं.

हा धोका कागदावरचा नाही, हे लोकांनी वेळोवेळी करून दाखवलं आहे. २००४मध्ये टोकियोतल्या पॅकसेक परिषदेत मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ यांनी लिनक्स चढवलेला आयपॉड फायरवायर या तेव्हाच्या वेगवान जोडणीच्या केबलने दुसऱ्या मशीनला लावून तिची मेमरी वाचून दाखवली. २००६मध्ये न्यूझीलंडच्या ॲडम बॉइलो यांनी त्याच वाटेने विंडोज एक्सपीचं लॉक उघडलं. फायरवायर मागे पडलं, २०११मध्ये थंडरबोल्ट आलं आणि प्रश्न जास्त वेगवान केबलवर सरकला. २०१६मध्ये स्वीडनच्या उल्फ फ्रिस्क यांनी पीसीआयलीच हे साधन खुलं केलं. तयार मिळणाऱ्या छोट्या बोर्डवर ते सेकंदाला १५० एमबीपेक्षा जास्त वेगाने मेमरी उपसू शकत होतं. त्याच वर्षी त्यांनी सुमारे ३०० डॉलरच्या उपकरणाने लॉक केलेल्या मॅकचा फाइलव्हॉल्टचा, म्हणजे डिस्क एन्क्रिप्शनचा, पासवर्ड अर्ध्या मिनिटात काढून दाखवला. तो कसा काढला, त्याकडे पुढे परत यावं लागेल.

नकाशा असलेली वाट

यावरचा हार्डवेअर उपाय म्हणजे आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय, आर्मच्या जगात एसएमएमयू आणि ॲपलकडे डार्ट. काम सगळ्यांचं एकच: प्रोसेसरसाठी एमएमयू जे करतं ते उपकरणांसाठी करणं. उपकरणाची विनंती मेमरीकडे निघाली की ती आधी इथे थांबते. विनंतीवर ती पाठवणाऱ्याचा १६ बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे कुठल्या बसवरचं कितवं उपकरण आणि त्यातलं कितवं फंक्शन. त्या क्रमांकावरून आयओएमएमयू त्या उपकरणाचं पेज टेबल, म्हणजे त्याच्यासाठीच्या पत्त्यांचा तक्ता, शोधतं. मागितलेल्या पत्त्याची नोंद टेबलात असली आणि वाचायची किंवा लिहायची परवानगी जुळली, तरच विनंती खऱ्या पत्त्यावर पोहोचते. नाही तर ती अडते आणि कर्नलच्या लॉगमध्ये फॉल्टची ओळ येते.

म्हणजे उपकरणाला खरे पत्ते माहीतच नसतात. कर्नलने त्याच्यापुरता एक वेगळा पत्त्यांचा नकाशा आखलेला असतो, आणि त्या नकाशात जे नाही ते उपकरणापुरतं अस्तित्वातच नसतं.

इतकं सरळ असेल तर प्रश्न संपायला हवा होता. पण इंटेल आणि एएमडीच्या मशीनमध्ये हे हार्डवेअर बराच काळ बहुतेक वेळा झोपलेलंच होतं. ते बसवण्यामागचा मुख्य हेतू व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगवेगळ्या संगणकांचा: सर्व्हरवरचं एखादं कार्ड थेट एका व्हर्च्युअल मशीनला द्यायचं असेल, तर त्याने शेजारच्या मशीनच्या मेमरीत हात घालू नये. बाकीच्यांसाठी ते बंद, कारण चालू केलं की वेग थोडा कमी होतो आणि काही जुने ड्रायव्हर अडखळतात. माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे. कर्नल लिहिणाऱ्यांच्या मनात उपकरण कधी परकं नव्हतंच. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम परका, नेटवर्कवरून आलेलं पॅकेट परकं, पण नेटवर्क कार्ड आपलं. ते केसच्या आत स्क्रूने बसवलेलं असायचं, तेव्हा हे गृहीतक चुकीचं नव्हतं. पुढे वायर बाहेर आली, गृहीतक मात्र आतच राहिलं.

२०१९मध्ये थंडरक्लॅप या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे उघड्यावर आणलं. केंब्रिज विद्यापीठ, राइस विद्यापीठ आणि एसआरआय इंटरनॅशनल यांच्या गटाने एफपीजीए, म्हणजे हवं तसं सर्किट घडवता येणाऱ्या चिपच्या, बोर्डवर एक खोटं नेटवर्क कार्ड बनवलं. क्यूएमू या दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या इंटेल कार्डाच्या कोडचा उपयोग करून ते इतकं हुबेहूब वागायचं की ऑपरेटिंग सिस्टिमला ते खरंच वाटायचं. ती त्याचा नेहमीचा ड्रायव्हर लोड करायची आणि पॅकेट्सची देवाणघेवाण सुरू व्हायची. मग हे कार्ड आपल्याला दिलेल्या नकाशात आणखी काय काय सापडतं ते पाहायचं.

भरपूर सापडलं. गटाने तपासलेल्या विंडोज १०च्या होम आणि प्रो आवृत्त्या या कामासाठी आयओएमएमयू वापरतच नव्हत्या. लिनक्समध्ये आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सोय होती, पण सर्वसाधारण इन्स्टॉलेशनमध्ये ती बंद असायची. मॅकओएसमध्ये ती आपोआप चालू होती, आणि तरीही सगळ्या उपकरणांना मिळून एकच नकाशा. त्यामुळे खोट्या नेटवर्क कार्डाला यूएसबी कीबोर्डवर दाबलेल्या कळा आणि स्क्रीनवरचं चित्र दोन्ही दिसत होतं. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर तर हे कार्ड ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने हवा तो प्रोग्रॅम चालवू शकत होतं.

एका पॅकेटचा प्रवास, जवळून

आयओएमएमयू चालू आहे, प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र नकाशा आहे, असं धरू. तरीही गळती कुठे राहते हे एका पॅकेटचा माग काढल्याशिवाय कळत नाही.

इथरनेटचं साधं पॅकेट सुमारे १,५०० बाइटचं. ड्रायव्हर त्यासाठी २,०४८ बाइटचा बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, घेतो. आयओएमएमयूची परवानगी मात्र पेजच्या, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या, हिशेबाने मिळते आणि पेज ४,०९६ बाइटचं असतं. भाड्याने एकच खोली द्यायची आहे, पण कुलूप फक्त अख्ख्या मजल्याला आहे, अशी ही अडचण. बफर पेजच्या निम्म्या भागात आहे. उरलेल्या निम्म्यात कर्नलने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली मेमरी असू शकते. दुसऱ्या कुणाचं पॅकेट, कर्नलची एखादी रचना, नशीब वाईट असेल तर एखादी किल्ली. कार्डाला ते सगळं उघडं.

पुढची गोष्ट याहून वाईट. लिनक्समध्ये पॅकेटच्या बफरच्या शेपटीलाच कर्नल स्वतःसाठी एक छोटी नोंद ठेवतो. तिचं नाव एसकेबी शेअर्ड इन्फो. पॅकेटचे आणखी तुकडे कुठे आहेत वगैरे माहिती तिच्यात असते, आणि पॅकेटचं काम संपल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं, तिथवर नेणारा एक पॉइंटरही, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो. ही नोंद त्याच पेजवर असल्याने, जिथे कार्डाला लिहायची परवानगी आहे तिथेच तीही येते. कार्डाने तो पॉइंटर बदलला, तर कर्नल पुढच्या क्षणी परक्याने दिलेल्या पत्त्यावर उडी मारू शकतो. मॅकओएसमधल्या एमबफ या रचनेतही असाच पॉइंटर होता आणि थंडरक्लॅपच्या गटाने तोच वापरला; ॲपलने ती विशिष्ट वाट १०.१२.४ या आवृत्तीत बंद केली. ज्यांनी या रचना आखल्या त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. डेटा आणि त्याची नोंद शेजारी ठेवली की प्रोसेसरच्या कॅशेला, म्हणजे त्याच्या छोट्या वेगवान मेमरीला, सोयीचं जातं, आणि वेगासाठी तेच योग्य होतं. कार्ड शत्रू असेल ही शक्यता त्यांच्यापुढे कुणी ठेवलीच नव्हती.

आता पॅकेट आलं, ड्रायव्हरने बफर परत घेतला आणि नकाशातली नोंद पुसली. इथे वेळेची फट उघडते. आयओएमएमयू हल्ली वापरलेली पत्त्यांची भाषांतरं, म्हणजे नकाशातल्या कुठल्या पत्त्याचा खरा पत्ता कोणता, आपल्या छोट्या कॅशेत ठेवतं, तिला आयओटीएलबी म्हणतात. टेबलातून नोंद पुसली तरी कॅशेतली प्रत राहते, ती वेगळी पुसावी लागते, आणि त्या कामाला वेळ लागतो. सेकंदाला आठ लाख वेळा ते करणं परवडत नाही. म्हणून लिनक्स अशा पुसायच्या नोंदी रांगेत साठवतो आणि रांग भरली किंवा १० मिलिसेकंद उलटले की सगळ्या एकदम पुसतो. तेवढा वेळ कार्डाकडे जुनी परवानगी शिल्लक असते, आणि तोवर ती मेमरी कर्नलने दुसऱ्या कुणाला दिलेलीही असू शकते. १० मिलिसेकंद आपल्याला काहीच वाटत नाहीत, पण थंडरबोल्ट ३वरून सेकंदाला दोन-अडीच जीबी डेटा जाऊ शकतो. म्हणजे तेवढ्यात वीस-पंचवीस एमबीची उलाढाल. एक पॉइंटर आठ बाइटचा असतो.

यात एक तिसरी फटही होती, आणि ती कळल्यावर मी बराच वेळ चक्रावलो होतो. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये एटीएस नावाची सोय आहे. उपकरणाने पत्त्यांची भाषांतरं आयओएमएमयूकडून आधीच मागून स्वतःजवळ ठेवायची आणि नंतरच्या विनंतीवर ‘हा पत्ता भाषांतरित झालेला आहे’ अशी खूण करायची. मग आयओएमएमयू तो पुन्हा तपासत नाही. वेगवान कार्डांसाठी उपयोगी. पण खूण करणारं उपकरणच खोटं असेल तर? ते कुठलाही खरा पत्ता घालून वर तीच खूण लावतं आणि सरळ आत जातं. लिनक्स ही सोय मागितल्यावर लगेच चालू करत होता, त्यामुळे आयओएमएमयू चालू ठेवलेल्यांनाही संरक्षण नव्हतं.

परकेपणाचा शिक्का

मार्च २०१९मध्ये आलेल्या लिनक्स ५.०ने उपकरणांकडे पाहण्याची रीत बदलली. कर्नलमध्ये प्रत्येक पीसीआय उपकरणाची एक नोंद असते. तिच्यात ‘अनट्रस्टेड’ असं एका बिटाचं नवं खातं आलं. हा शिक्का उपकरणाच्या नावावरून किंवा कंपनीच्या क्रमांकावरून लावला जात नाही, आणि ते योग्यच आहे. उपकरण स्वतःबद्दल सांगतं ते खोटं असू शकतं हाच तर मुद्दा. शिक्का पोर्टवरून ठरतो. लॅपटॉप बनवणारी कंपनी फर्मवेअरमधून, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमधून, कर्नलला सांगते की हे पोर्ट बाहेरच्या बाजूला उघडतं. मग त्या पोर्टपलीकडे जे जे लागेल, डॉक असो, डॉकला लावलेलं दुसरं काही असो, सगळ्यांवर तो शिक्का वारशाने येतो.

शिक्का लागला की बरंच काही बदलतं. एटीएस मिळत नाही. त्या उपकरणासाठी भाषांतर कधीही बाजूला ठेवलं जात नाही, बाकीच्या मशीनसाठी तशी सूट दिलेली असली तरी. पुढे कॅशे लगेच पुसण्याची कडक पद्धतही अशा उपकरणांना लागू झाली. आतली एसएसडी आणि आतलं वायफाय कार्ड मात्र पूर्वीसारखं वेगाने चालत राहतं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांवर सारखी कडक शिस्त लादली असती तर वेग घटल्याच्या तक्रारी आल्या असत्या आणि लोकांनी ती बंद करून टाकली असती. बंद केलेलं संरक्षण असून नसल्यासारखं.

पेजच्या आकाराची अडचण सोडवायला नोव्हेंबर २०१९च्या लिनक्स ५.४मध्ये बाउन्स बफर आले. परक्या उपकरणासाठीचा बफर पेजच्या कडांशी नेमका जुळत नसेल, तर कर्नल तो बफर उपकरणाला दाखवतच नाही. तो वेगळी, फक्त याच कामाची पेजेस घेतो, उरलेली जागा शून्यांनी भरतो आणि तीच उपकरणाला देतो. उपकरणाने तिथे लिहिलं की कर्नल नेमके तेवढे बाइट मूळ जागी कॉपी करतो. शेजारची मेमरी उपकरणाच्या नकाशात येतच नाही.

कॉपी म्हटलं की वेगाची काळजी करणारे कपाळाला हात लावतात. नेटवर्कच्या कोडमधून कॉपी काढून टाकण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आहेत. म्हणून इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या मार्कुझे, मॉरिसन आणि त्साफ्रीर यांनी २०१६मध्ये मांडलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दर वेळी नकाशात नोंद करून ती पुसायची आणि कॅशेही धुवायची, यापेक्षा कायमच्या मॅप केलेल्या राखीव बफरमध्ये कॉपी करणं अनेकदा स्वस्त पडतं. पॅकेटएवढे बाइट कॉपी करायला आजच्या प्रोसेसरला फार वेळ लागत नाही. आयओएमएमयूची कॅशे पुसली जाईपर्यंत ताटकळणं त्याहून महाग. संरक्षण हवं तर वेग सोडा, ही तडजोड वाटते तितकी अटळ नसते.

बाउन्स बफरचीही स्वतःची दुखणी निघाली. उपकरण ४,०९६ बाइट लिहिणार असं ठरलं आणि त्याने शंभरच लिहिले, तर उरलेल्या जागेत आधीच्या वापरातला शिळा डेटा असतो, आणि कॉपी मात्र सगळ्याची होते. २०२२मध्ये ही गळती सापडली. दुरुस्ती म्हणून मूळ बफरातला मजकूर आधी बाउन्स बफरमध्ये भरून ठेवायचं ठरलं. म्हणजे आणखी एक कॉपी. या क्षेत्रातली दुरुस्ती अशीच चालते: एक फट बुजवली की तिच्या लिंपणात बारीक चीर दिसते.

कर्नल जागा होण्याआधी

आता फ्रिस्क यांच्या मॅककडे. फाइलव्हॉल्टचा पासवर्ड मेमरीत उघड्या स्वरूपात पडून होता आणि रीस्टार्ट केल्यावरही लगेच पुसला जात नव्हता. मॅकओएस चालू असताना आयओएमएमयूचा पहारा होता, पण रीस्टार्ट होताना, फर्मवेअर चालू झालं आणि ऑपरेटिंग सिस्टिम अजून आली नाही या काही सेकंदांत, पहारा नव्हता. उपकरण लावायचं, मशीन रीस्टार्ट करायची आणि त्या फटीत मेमरी वाचायची, इतकंच. ॲपलने डिसेंबर २०१६च्या १०.१२.२मध्ये ती बुजवली.

धडा असा की कर्नल कितीही सावध असला तरी तो जागा होण्याआधीचा काळ फर्मवेअरचा असतो. म्हणून आता फर्मवेअरनेच सुरुवातीपासून आयओएमएमयू चालू करायचं, बाहेरच्या पोर्टांना डीएमए द्यायचा नाही आणि तसं केल्याचा इशारा कर्नलला द्यायचा, अशी रीत आहे. इंटेलच्या मशीनवर असा इशारा दिसला की वापरकर्त्याने काही सेट केलेलं नसलं तरी लिनक्स आयओएमएमयू चालू करतो. विंडोजची ‘कर्नल डीएमए प्रोटेक्शन’ ही सोयही फर्मवेअरवरच अवलंबून आहे. ती २०१८च्या विंडोज १०, आवृत्ती १८०३पासून आली, पण जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज घातली म्हणून ती मिळत नाही. तिच्यात एक चांगला नियम आहे: ज्या उपकरणाचा ड्रायव्हर अशा नकाशासह काम करायला तयार नाही, ते उपकरण कुणीतरी लॉग इन करून स्क्रीन अनलॉक करेपर्यंत सुरूच होत नाही. क्रोमओएस याही पुढे जातं. बाहेरच्या पीसीआय उपकरणांसाठी ते मोजकेच ड्रायव्हर मान्य करतं.

‘हे उपकरण जोडायचं का?’ असं विचारून परवानगी घेण्याची थंडरबोल्टची आपली एक जुनी पद्धत होतीच. तिच्यावर विसंबून राहणं किती महागात पडेल हे २०२०मध्ये आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातल्या ब्योर्न राउटेनबर्ग यांनी थंडरस्पाय या संशोधनात दाखवलं. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, थंडरबोल्ट कंट्रोलरच्या फ्लॅश चिपला क्लिप लावायची, सुरक्षेची पातळी बदलून लिहायची. पाचेक मिनिटांचं काम. उपकरणांची ओळखही नक्कल करता येत होती. ओळखीवर आधारलेली परवानगी आणि मेमरीवरचा नकाशा यात मूलभूत फरक आहे: पहिलीत कोण आत येतो यावर भर असतो, दुसऱ्यात आत आलेल्याचा हात कुठवर पोहोचतो यावर. माझा कौल दुसऱ्याला.

नकाशाच्या पलीकडेही काम उरतंच. ड्रायव्हर आणि उपकरण यांच्यात काही मेमरी कायमची सामायिक असते. कुठला बफर भरला, किती बाइट आले, याच्या यादीची. ही यादी उपकरण केव्हाही बदलू शकतं. ड्रायव्हरने लांबी तपासली, ठीक आहे म्हणाला, आणि मग तीच लांबी मेमरीतून दुसऱ्यांदा वाचली. मधल्या क्षणात उपकरणाने ती बदलली असेल तर तपासणी फुकट गेली. उपाय साधा आहे, एकदाच वाचून स्वतःजवळ उतरवून घ्यायचं आणि तेच वापरायचं. पण कर्नलमध्ये हजारो ड्रायव्हर आहेत आणि त्यातले बरेच उपकरण प्रामाणिक आहे असं धरून लिहिलेले. शिवाय खोटं उपकरण आपला क्रमांक हवा तो सांगतं, म्हणजे कुठला ड्रायव्हर लोड व्हावा हेही तेच ठरवतं; ते नेमका जुना, कुणी वर्षानुवर्षं न पाहिलेला ड्रायव्हर निवडेल.

आणि परकं म्हणजे फक्त बाहेरून लावलेलंच, असंही राहिलेलं नाही. २०१७मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या गाल बेनियामिनी यांनी फोनमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपमध्ये हवेतून, फक्त वायफायच्या संदेशांनी शिरकाव करून दाखवला, आणि पुढे त्या चिपमधून मुख्य प्रोसेसरकडे जाण्याचे मार्गही दाखवले. चिप कारखान्यातच बसवलेली, वापरकर्त्याने काहीच लावलेलं नाही. ज्या मशीनमध्ये आयओएमएमयू नसतंच, त्यांच्यासाठी लिनक्स ५.१५मध्ये एक मर्यादित सोय आली: उपकरणाला मेमरीचा एक ठरावीक पट्टा आखून द्यायचा आणि त्याचा सगळा व्यवहार तिथूनच कॉपी करून करायचा. त्या पट्ट्याबाहेर जायला उपकरणाला अटकाव करणारं काहीतरी हार्डवेअर मात्र लागतंच.

आपल्या मशीनवर काय चालू आहे ते पाहणं सोपं आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘कर्नल डीएमए प्रोटेक्शन’ या ओळीपुढे ‘ऑन’ आहे का पाहा. लिनक्सवर सिसएफएस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये थंडरबोल्टच्या डोमेनखाली ‘आयओएमएमयू डीएमए प्रोटेक्शन’ नावाची फाइल असते. तिच्यात १ असेल तर ठीक. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये थंडरबोल्ट पोर्टांना आपापलं आयओएमएमयू आहे, तिथे तुम्ही काही करायची गरज नाही. विंडोज किंवा लिनक्सवर उत्तर नकारार्थी आलं, तर बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू बंद आहे का ते पाहा. पुष्कळदा एवढंच कारण असतं. मशीन जुनी असेल आणि थंडरबोल्ट वापरतच नसाल, तर बायोसमधून ते पोर्टच बंद करा. लॅपटॉप हॉटेलच्या खोलीत सोडून जायचा असेल तर स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट करा, म्हणजे डिस्कची किल्ली मेमरीत राहणार नाही. आणि गेम अडकतोय किंवा साउंड कार्ड चालत नाही म्हणून कुणाच्या सांगण्यावरून लिनक्सच्या बूट ओळीत आयओएमएमयू ‘ऑफ’ करणारा पर्याय घातला असेल, तर तो आजच काढा. त्या एका शब्दाने फर्मवेअरचा इशाराही निकामी होतो, आणि वर सांगितलेल्या शिक्क्याला, नकाशाला, बाउन्स बफरला काम करायला जागाच उरत नाही.